दप्तरात सापडलेली नळी

वर्षावासात साकोलीच्या एका वस्तीतली आई विहारात आली, तेव्हा तिच्या पदराला एक छोटी वस्तू बांधलेली होती. दहावीतल्या मुलाच्या दप्तरात सापडलेली. तिला वाटले पेनड्राइव्ह असेल, पण एका टोकाला तोंडात धरायची नळी होती. आम्ही ओळखले, हा व्हेप. मुलाला जवळ बसवून विचारले तर म्हणाला, "नुसता फ्लेवर आहे, काकू." थोड्या वेळाने खाली बघत म्हणाला, "मित्र सांगतो, त्यात माल आहे." आपण काय ओढतो, हे त्याचे त्यालाच ठाऊक नव्हते.

खर्रा आपल्याकडे लपत नाही. पानठेल्यावर घोटताना दिसतो, दात रंगतात. चिलमीचा वास दोन घरे पलीकडे जातो. व्हेपमध्ये बॅटरीवर तेल तापते, त्याची वाफ छातीत ओढतात आणि आंब्याचा किंवा पुदिन्याचा गोड वास मिनिटभरात विरतो. घरात कळायला महिने जातात.

त्या तेलात तंबाखूचे निकोटिन असू शकते, गांज्याचा अर्क असू शकतो, किंवा गांज्याची नक्कल करणारे कृत्रिम रसायन. या रसायनाने झटके येतात, शुद्ध हरपते. "आमचे आजोबा चिलीम ओढत, त्यांना काय झाले?" असे आम्हाला नेहमी विचारतात. गांज्याच्या फुलात नशेचा अंश साधारण 10 ते 20 टक्के असतो. परदेशात विकल्या जाणाऱ्या व्हेपच्या तेलांत तो 60 ते 90 टक्क्यांपर्यंत जातो. आजोबांची चिलीम आणि नातवाची नळी एका मापाने मोजता येत नाही.

2019 साली अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांना एकाएकी धाप लागू लागली. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,800 हून अधिक लोक रुग्णालयात गेले, 68 दगावले. बहुतेकांनी गांज्याचे तेल ओढले होते. त्यात भेसळ होती व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटची. पोटात गेले तर सहसा अपाय न करणारे हे द्रव्य फुफ्फुसात घातक ठरले.

मेंदूची घडण साधारण 25 व्या वर्षापर्यंत चालते. त्याआधी गांजा लागला की लक्ष टिकत नाही, पाठांतर राहत नाही. किशोरवयात सुरुवात करणाऱ्या सुमारे 6 जणांत एकाला त्याचे व्यसन जडते. काहींना कानात आवाज येतात, उगाच संशय येतो. घरात कुणाला मानसिक आजार असेल तर हा धोका जास्त. अशा मुलाला बाधा झाली म्हणून मांत्रिकाकडे नेणारी घरे अजून आहेत, आपल्या वस्तीतसुद्धा. पाचवे शील आपण रोज घेतो, पण मुलांना ते फक्त दारूपुरते वाटते. त्यांना हे नावानिशी सांगा.

पोलिसांच्या भीतीने आईबाप गप्प बसतात. व्हेपच्या विक्रीवर देशात 2019 पासून बंदी आहे आणि गांजा ओढणे हाही गुन्हा आहे. पण व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला, तर सेवनाच्या किंवा अल्प मालाच्या खटल्यापासून त्याला अमली पदार्थांच्या कायद्यातच संरक्षण आहे. उलट अल्पवयीन मुलाला नशा देणाऱ्याला बाल न्याय कायद्याखाली 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. राग काढायचा तर तिकडे काढा.

मुलाला मारू नका, कोंडू नका. सोडल्यावर पहिला आठवडा जड जातो. चिडचिड होते, झोप उडते, अन्न जात नाही. दोनेक आठवड्यांत बहुतेकांचे उतरते. उपजिल्हा रुग्णालयात नेताना नळी सोबत घ्या आणि डॉक्टरांपासून काही लपवू नका. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक त्रासासाठी 14416 या क्रमांकांवर फुकट बोलता येते. धाप, छातीत दुखणे, झटके किंवा बेशुद्धी दिसली तर वाट न पाहता 108 ला फोन करा. बेशुद्ध मुलाला कुशीवर वळवा, तोंडात लिंबू-पाणी घालू नका.

त्या मुलाने पहिले आठ दिवस घर डोक्यावर घेतले. परवा त्याची आई भेटली. म्हणाली, "आता रात्री उठून भात मागतो."