मोटारीचा विमा : कागद नेमका कोणाला सांभाळतो?



गळीत हंगाम संपून उसाची बिले खात्यावर जमा झाली, की गावोगाव नव्या-जुन्या मोटारी दारापुढे उभ्या राहतात. गाडी आली की सोयऱ्यांकडे जाणे आले, रायगड पाहणे आले. आपल्याकडची मंडळी भोरहून वरंधा घाटाने महाडला, नाहीतर महाबळेश्वराहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरतात. निघताना नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू जाते. पण "विमा उतरवलाय का?" असे विचारले की उत्तर ठरलेले. "आहे की! कागद गाडीतच पडलाय."

कागद असतो, हे खरे. पण तो कोणाला सांभाळतो आणि कोणाला नाही, हे वाचलेले नसते. त्यासाठीच हा लेख.

या वाटेवरचे धोके

महाड शहर सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठी वसले आहे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील जुना दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एस.टी. गाड्या आणि एक मोटार नदीत गेली. 22 जुलै 2021 रोजी महाड शहरात पुराचे पाणी शिरले आणि त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. घाटात तर दर पावसाळ्यात दरडींची भीती असते. म्हणजे धोका नुसत्या टकरीचा नाही. पाणी आणि दगड यांचाही आहे.

1. थर्ड पार्टी विमा : दुसऱ्यासाठी

हा विमा कायद्याने सक्तीचा आहे. 1939 च्या मोटार वाहन कायद्यानुसार 1 जुलै 1946 पासून ही सक्ती सुरू झाली. पुढे 1988 च्या कायद्याच्या कलम 146 मध्येही ती कायम राहिली. विमा नसताना गाडी चालवली तर 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

आपल्या गाडीने दुसऱ्या कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणी जखमी झाले, तर मोटार अपघात न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई कंपनी देते. तिला रकमेची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी खासगी मोटारीला साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असते. हा विमा नसेल तर ही भरपाई घरातून, प्रसंगी जमिनीतून द्यावी लागते.

मात्र या विम्यात आपल्या स्वतःच्या गाडीला एक पैसाही मिळत नाही. गाडी सावित्रीच्या पुरात बुडो, दरडीखाली सापडो की चोरीला जावो.

2. स्वतःच्या गाडीचे नुकसान

थर्ड पार्टी आणि स्वतःच्या गाडीचे नुकसान ही दोन्ही कलमे एकत्र असली, की त्याला आपण "फुल्ल इन्शुरन्स" म्हणतो. त्यात अपघात, आग, वीज, चोरी, दंगल, भूकंप, पूर, वादळ आणि दरड कोसळणे हे सारे येते. थर्ड पार्टी आधीच असेल तर स्वतःच्या नुकसानीचा विमा 1 सप्टेंबर 2019 पासून वेगळाही घेता येतो.

पण "फुल्ल" म्हणजे सगळे बिल कंपनी देणार, असे नव्हे. वयाप्रमाणे घसारा कापला जातो. समजा, साडेतीन वर्षे वापरलेल्या लहान मोटारीच्या दुरुस्तीचे बिल 80,000 रुपये झाले :

लोखंडी भाग 40,000 : 25 टक्के घसारा, मिळणार 30,000
प्लास्टिक व रबरी भाग 20,000 : 50 टक्के घसारा, मिळणार 10,000
काच 6,000 : घसारा नाही, मिळणार 6,000
मजुरी 14,000 : मिळणार 14,000

एकूण 60,000. त्यातून मालकाने सोसायचे सक्तीचे 1,000 वजा जाता हाती 59,000. उरलेले 21,000 आपले. घसारा कापू नये असे वाटत असेल तर जादा हप्ता भरून "झिरो डेप्रिसिएशन"चे जोडकलम घ्यावे लागते.

गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली, तर पॉलिसीवर छापलेली "आय.डी.व्ही." ही रक्कम आधार धरतात. कंपनीच्या किमतीतून तीन ते चार वर्षांच्या गाडीला 40 टक्के वजा होतात. हप्ता कमी यावा म्हणून ही रक्कम कमी लिहून घेणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा.

3. आत बसलेली माणसे

ही बाब सर्वांत कमी लोकांना ठाऊक आहे. रस्त्यावरचा माणूस "तिसरा पक्ष" ठरतो. आपल्याच गाडीत बसलेली आई, बायको, पाहुणे मात्र नुसत्या थर्ड पार्टी विम्यात येत नाहीत, अशी भूमिका कंपन्या घेतात. दुचाकीवर मागे बसलेल्या व्यक्तीबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली असाच निकाल दिला. उलट, खासगी मोटारीचा सर्वंकष विमा असेल तर आत बसलेल्यांची जबाबदारी कंपनीवर येते, असे त्याच न्यायालयाने 2012 साली म्हटले. दोन-चार हजार वाचवायला थर्ड पार्टीवर भागवणाऱ्याने, घाट उतरताना मागच्या सीटवर कोण बसले आहे, ते एकदा वळून पाहावे.

4. मालक स्वतः

गाडी चालवणारा मालकही तिसरा पक्ष नव्हे. त्याच्यासाठी 15 लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. मालकाच्या नावे चालू लायसन असेल तरच तो लागू पडतो. गाडी वडिलांच्या नावे आणि चालवणारा मुलगा, असे असेल तर मुलाला हे कलम उपयोगी नाही. त्याची वेगळी सोय करून घ्यावी.

दावा कुठे अडतो?

खासगी नंबरच्या गाडीने वडाप केले, लायसन नसलेल्याच्या हाती चाक दिले, किंवा चालक दारू प्यालेला होता, तर स्वतःच्या गाडीचा दावा नाकारला जातो. जुनी गाडी घेतली तर पॉलिसी 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या. नुसते आर.सी. बुक बदलून भागत नाही. मुदत संपून 90 दिवस उलटले तर दावा न केल्याबद्दल साठलेली हप्त्यातील सूटही जाते. पाच वर्षांत ही सूट 50 टक्क्यांपर्यंत पोचलेली असते.

ट्रॅक्टरवाल्यांनाही एक सूचना. ट्रॅक्टरवर चालकाशिवाय दुसऱ्याला बसायची जागा नाही. मडगार्डवर किंवा ट्रॉलीत माणसे बसवली आणि अपघात झाला, तर भरपाईचा बोजा मालकावर येऊ शकतो.

गाडी पाण्यात गेली तर

पाणी ओसरल्यावर लगेच "बघू चालू होते का" म्हणून चावी फिरवू नका. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला की आतले भाग मोडतात. हे नुकसान पुराने नव्हे, तुमच्या हाताने झाले असे धरून कंपनी दावा नाकारू शकते. आधी फोटो काढा, कंपनीला कळवा, गाडी ओढून गॅरेजला न्या. सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय खोलू देऊ नका. इंजिनासाठी वेगळे जोडकलम मिळते. महाडसारख्या पूररेषेतील गावी वरचेवर जाणे असेल त्याने ते घ्यावे.

गाडी चोरीस गेली किंवा माणसाला इजा झाली, तर प्रथम पोलिसांत खबर द्या.

शेवटी एवढेच

आज संध्याकाळी गाडीतला तो कागद घरात आणा आणि घरच्यांसमोर चार प्रश्न विचारा. रस्त्यावरच्या माणसाची सोय आहे का? गाडीची आहे का? आत बसणाऱ्यांची आहे का? चालवणाऱ्याची आहे का? ज्या प्रश्नाला "नाही" येईल, तेवढे कलम पुढच्या हप्त्यात जोडून घ्या. उसाला पाणी वेळेवर लागते, तसाच विमाही वेळेवर लागतो. घाटातली दरड आपल्याला विचारून खाली येत नाही.