टाकीत काय घालायचं

बाळा, माशांच्या नव्या टाकीसाठी तू चिंचणीच्या किनाऱ्यावरून पिशवीभर शिंपले वेचून आणलेस, असं तुझी आई म्हणाली. ते काचेच्या कपाटात मांड. टाकीत एकही नको.

माझ्याकडून ही चूक झालेली आहे. पंधरा दिवसांत माझे निऑन टेट्रा वर येऊन तोंडं उघडायला लागले. मी खाणं बदललं, पाणी बदललं, शिंपल्यांवर संशयच आला नाही. शिंपला म्हणजे चुना. गोड्या पाण्यात तो हळूहळू विरघळतो, पाणी जड होतं, पीएच चढतो आणि पीएच चढला की माशांच्या घाणीतला अमोनिया जास्त विषारी होतो. मॉलीला जड पाणी मानवतं, टेट्राला नाही. किनाऱ्याची वाळूही नको, तिच्यातही शिंपल्यांचा चुरा असतो. आणि पोवळं कुणी दिलं तरी घेऊ नकोस. २००१ पासून त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

दगड हवा असेल तर आपला सह्याद्रीचा काळा दगड घे. मासवणकडे सूर्येच्या पात्रात गुळगुळीत गोटे मिळतात. एमआयडीसीच्या नाल्याकाठचा मात्र कितीही देखणा असला तरी उचलू नकोस, त्यात काय मुरलंय ते धुऊन कळत नाही. काळ्या दगडात कधी कधी पांढरे खडे अडकलेले असतात. त्यांच्यावर खिळ्याने ओरखडा काढ आणि लिंबू पिळ. फेस आला, बुडबुडे उठले, की तो दगड बाद. फेस नाही आला तर ब्रशने घास आणि वरून कढत पाणी ओत. गॅसवर ठेवून उकळायचा नाही, आत पाणी अडकलेलं असलं तर तडकून फुटतो. साबण तर कशालाच लावायचा नाही.

फायटर मासा ठेवणार असलास तर त्याचे पर फार नाजूक. म्हणून प्रत्येक वस्तू जुन्या शिफॉनच्या ओढणीवर घासून बघ. धागा ओढला गेला तर परही फाटणार.

गणपतीच्या मखरातलं काही टाकीत जाऊ देऊ नकोस, त्याचा रंग आणि चमकी सुटते. प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा किल्लाही नको, तो पाण्यात झिजत राहतो. आणि हौसेने तांब्याचं नाणं टाकतात ना, तेही नको. तांब्याच्या भांड्यातलं पाणी आपण पितो, पण पाण्यात उतरलेलं तांबं माशांना विष आहे, गोगलगायी तर त्याने लवकर मरतात.

लपायला जागा मात्र हवीच, नाहीतर मासे दिवसभर बिचकलेले राहतात. कुंभाराकडचं बिनरंगाचं मडकं आडवं ठेव, फुटकं असलं तर कडा दगडावर घासून घे. नाहीतर करवंटी. खोबऱ्याचा कण राहिला तर पाणी नासतं, म्हणून नीट खरवडून दोन-तीनदा उकळायची. पाण्याला थोडा चहासारखा रंग येईल, त्याला घाबरू नकोस.

तीन करवंट्या मी उकळून गच्चीवर वाळत घातल्यात. रविवारी येऊन घेऊन जा.