बॉर्डरलाईन व्यक्तिमत्त्व विकार : रुग्णानुभव व सत्त्वावजय चिकित्सा

काही वर्षांपूर्वी विशीतील एका मुलीस तिची आई अनिद्रा व अम्लपित्ताच्या तक्रारीसाठी घेऊन आली. हातावर जुने, समांतर व्रण स्पष्ट दिसत होते. मी नाडी पाहिली, पित्तशामक योजना केली. व्रणांविषयी मात्र एकही प्रश्न विचारला नाही. "स्वभावच हट्टी आहे," हे आईचे विधान मी निदान म्हणून स्वीकारले. पंधरवड्यातच तिने पुन्हा स्वतःस इजा करून घेतली. रुग्णपरीक्षणातील ही माझी त्रुटी प्रस्तुत लेखाचे निमित्त होय.

लक्षणे
प्रिय व्यक्ती सोडून जाईल हे तीव्र भय, त्याच व्यक्तीविषयी क्षणात पराकोटीचे प्रेम व क्षणात द्वेष, अनावर क्रोध, सततचा रितेपणा, अविचारी कृती आणि आत्मइजा ही या विकाराची प्रमुख लक्षणे होत.

साध्यासाध्यता
हा विकार दीर्घकाळ असाध्य समजला जाई. मेरी झनारिनी यांनी अमेरिकेत 290 रुग्णांचा दहा वर्षे पाठपुरावा केला. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार 93 टक्के रुग्णांत किमान दोन वर्षे टिकणारा लक्षणोपशम आढळला. तथापि नातेसंबंध व नोकरी-शिक्षण यांसह पूर्ण सावरलेले सुमारे निम्मेच होते. लक्षणे शमणे व जीवन उभे राहणे यांतील हे अंतर चिकित्सकाने ध्यानी ठेवावे.

एक अनुभव
मार्शा लिनेहन 1961 मध्ये सतराव्या वर्षी हार्टफर्ड येथील मनोरुग्णालयात दाखल झाल्या. आत्मइजेमुळे त्यांना एकांत कोठडीत ठेवले जाई. पुढे मानसशास्त्रज्ञ होऊन त्यांनी डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी विकसित केली व 2011 मध्ये त्याच संस्थेत स्वतःचा पूर्वेतिहास जाहीरपणे सांगितला. आहे ते स्वीकारणे आणि तरीही बदल घडविणे, हे त्यांच्या उपचाराचे सूत्र. भावनेचा आवेग उसळताच चेहऱ्यास थंड पाणी लावणे, दीर्घ श्वसन करणे, आवेग ओसरेपर्यंत कृती न करणे अशी कौशल्ये रुग्ण सरावाने आत्मसात करतो.

आयुर्वेदीय विचार
या विकाराचे नाव संहितांत शोधण्याचा आग्रह नको. मात्र चरकोक्त त्रिविध चिकित्सेतील सत्त्वावजय, म्हणजे अहितकर विषयांपासून मनाचे नियमन, येथे मार्गदर्शक ठरतो. आवेग रोखते ती धृती. मागील आवेगही ओसरला होता, ही आठवण म्हणजे स्मृती. दोन्ही अभ्यासाने बळावतात.

वैद्याचे कर्तव्य
1. व्रण दिसल्यास एकांतात, दोष न देता विचारावे.
2. आत्महत्येचे विचार आहेत काय, हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने ते बळावत नाहीत.
3. मनोविकारतज्ज्ञाकडे त्वरित पाठवावे. मेध्य द्रव्ये व दिनचर्या साहाय्यक आहेत, पर्याय नव्हेत. चालू औषधे स्वतःहून बंद करू नयेत.
4. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक कुटुंबीयांस द्यावा.

ती मुलगी अनेक वर्षांच्या मानसोपचारानंतर आज नोकरी करते. मध्यंतरी भेटली तेव्हा म्हणाली, "डॉक्टर, त्या दिवशी तुम्ही विचारलं असतंत, तर मी सांगितलं असतं." दर्शन, स्पर्शन व प्रश्न यांपैकी प्रश्न या परीक्षेचे मोल मला त्या वाक्याने शिकविले.