उशिरा शिकणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय अभ्यास: जबलपूरहून वाट कशी काढावी?

“आता या वयात हे शिकून काय करणार?” आंतरराष्ट्रीय संबंधांत एमए करायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न हाच येतो. बारावीनंतर दोन-तीन वर्षं वाया गेलेल्या मुलाला तो आई-वडील विचारतात, मुलं मोठी झाल्यावर पुन्हा पुस्तक हाती घेणाऱ्या सुनेला सासरचे विचारतात, आणि चाळिशीच्या आत पेन्शनीत निघालेला जवान स्वतःलाच विचारतो. प्रश्न काळजीपोटी येतो, म्हणून त्याचं उत्तरही नीट द्यायला हवं.

जबलपूरला हा विषय परका नाही. मार्च 1939 मध्ये शहरालगतच्या त्रिपुरीला सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं. त्यात म्युनिक करार आणि ब्रिटिश परराष्ट्र धोरण यांचा निषेध करणारा ठराव झाला होता. आज इथल्या गन कॅरेज फॅक्टरीत धनुष तोफ तयार होते. ऑक्टोबर 2021 पासून आयुध कारखाने सरकारी कंपन्यांत विभागले गेले आणि इथलाच खमरियाचा कारखाना पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेला. या कंपन्यांना आता परदेशी ग्राहकही शोधावे लागतात. कारखान्यात किंवा छावणीत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाने या विषयाचा बराचसा भाग जवळून पाहिलेला असतो. वर्गात तो कोऱ्या पाटीने बसत नाही.

तरीही फॉर्म भरण्याआधी पदवी कशासाठी हवी आहे, हे कागदावर लिहून काढा.

परराष्ट्र सेवेत जायचं असेल तर या विषयाच्या पदवीची सक्तीच नाही. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. अडसर आहे तो वयाचा: खुल्या गटासाठी 32, ओबीसींसाठी 35, अनुसूचित जाती-जमातींसाठी 37 वर्षं. वय हातात असेल तर ‘राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध’ हा वैकल्पिक विषय घेता येतो. वय उलटलं असेल तर या आशेवर पैसा आणि वर्षं खर्चू नका.

प्राध्यापक व्हायचं असेल तर दार उघडं आहे. नेट परीक्षेतून सहायक प्राध्यापक पदासाठी पात्र होण्याला वयाची अट नाही. संशोधनवृत्तीला मात्र आहे. एमएला खुल्या गटाला 55 टक्के लागतात, म्हणून पहिल्या वर्षापासून गुणांकडे लक्ष ठेवा.

पत्रकारिता, अनुवाद, निर्यात किंवा सामाजिक संस्थेतलं काम हवं असेल, तर नुसत्या पदवीवर नोकरी मिळत नाही, हे आधीच समजून घ्या. सोबत एक परकी भाषा किंवा एखादं कौशल्य जोडा. इग्नूत (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात) फ्रेंच, अरबी, जपानी अशा भाषांचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहेत.

आता पदवी कोणती? नावावर अडून बसू नका, आत काय शिकवतात ते पाहा. इग्नूच्या राज्यशास्त्र एमएमध्ये आंतरराष्ट्रीय संबंध आणि ‘भारत आणि जग’ असे स्वतंत्र पेपर आहेत. कोणत्याही शाखेची पदवी चालते आणि हिंदी किंवा इंग्रजी माध्यम निवडता येतं. अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, पण चार वर्षांपर्यंत पुरा करण्याची सवलत आहे. नोकरी-संसार सांभाळणाऱ्यांसाठी ही सवलत मोलाची आहे. इग्नूचं प्रादेशिक केंद्र जबलपुरातच आहे. वर्गात बसून शिकायचं असेल तर राणी दुर्गावती विद्यापीठातल्या राज्यशास्त्र विभागात चौकशी करा. दिल्लीला राहण्याची तयारी असेल तर जेएनयूचं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज आहे. 1955 मध्ये स्थापन झालेली ही संस्था 1970 मध्ये जेएनयूत आली. तिथला प्रवेश सीयूईटी-पीजीतून होतो आणि त्या परीक्षेलाही वयाची अट नाही.

इथे एक सावधगिरी हवी. मराठी माध्यमाच्या ओढीने नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाकडे वळाल, पण राज्य मुक्त विद्यापीठांचं दूरशिक्षण आपापल्या राज्यापुरतं असतं. मध्य प्रदेशचं मुक्त विद्यापीठ भोपाळचं भोज. कोणतंही दूरस्थ वा ऑनलाइन शिक्षण घेण्याआधी त्या विद्यापीठाला त्या वर्षासाठी आणि त्याच अभ्यासक्रमासाठी यूजीसीची मान्यता आहे का, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत स्वतः तपासा. एजंटाच्या शब्दावर जाऊ नका. मान्यता असेल तर दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असते. माजी सैनिकांना नोकरीसाठी मिळणारं पदवीसमकक्ष प्रमाणपत्र एमए प्रवेशाला चालेल असं मात्र गृहीत धरू नका, विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्या.

फी भरण्याआधी विषय पारखून पाहा. एनसीईआरटीचं बारावीचं ‘समकालीन विश्व राजनीती’ हे पुस्तक महिनाभरात वाचून काढा. मग इग्नूच्या ई-ज्ञानकोशावर मोफत मिळणारे एमएचे दोन-तीन धडे वाचा. रात्री थकून आल्यावरही पुढचं पान उलटावंसं वाटलं, तर हा विषय तुमचा आहे. कंटाळा आला, तर फी वाचली असं समजा.

आणि घरच्या मोठ्यांना एक विनंती. “काय करणार?” हा प्रश्न जरूर विचारा, पण उत्तर ऐकायला बसा. कोणतं काम हवं, किती वर्षं, किती खर्च, मान्यता आहे का, या चार गोष्टींची उत्तरं तुमच्या मुलाकडे, सुनेकडे, पतीकडे तयार असतील, तर वयाचा मुद्दा बाजूला ठेवा आणि रोज संध्याकाळचे दोन तास त्यांना अभ्यासाला मोकळे करून द्या. उशिरा शिकणाऱ्याला सर्वांत जास्त गरज त्या दोन तासांची असते.