सगळेच ओढून राहिले ना, भाऊ!

नागपुरातल्या आमच्या फ्लॅट स्कीमचा मी अकरा वर्षं खजिनदार होतो. सोळा फ्लॅट, एक लिफ्ट, एक बोअर, एक गच्ची आणि मागे नाग नदीला मिळणारा नाला. बँकेत चौतीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजून जे कळलं नाही, ते या सोळा घरांच्या हिशेबात कळलं. त्यातलं आठवेल तसं लिहितो. आकडे टाकलेत ते मला सवय आहे म्हणून.

१. टुल्लू पंप लावणारा माणूस वाईट नसतो.

मे महिन्यात नळाची धार करंगळीएवढी होते. एका वर्षी गल्लीतल्या एकानं थेट नळाच्या लाइनीला टुल्लू पंप जोडला. शेजाऱ्याची धार आणखी बारीक झाली, म्हणून त्यानंही आणला. महिना संपेपर्यंत सकाळी साडेपाचला गल्लीभर घरघर सुरू व्हायची आणि निम्मे पंप नुसती हवा ओढायचे. पहिल्या पंपवाल्याला मी हटकलं. तो म्हणाला, “सगळेच ओढून राहिले ना, भाऊ. मी एकट्यानं काहून थांबू?”

हाच माणूस दर उन्हाळ्यात स्वतःच्या खर्चानं चौकात पाणपोई लावतो, रोज माठ घासतो. त्याला लोभी म्हणायला माझी जीभ रेटेना. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली गायरानाचं उदाहरण देऊन हेच सांगितलं होतं. आणखी एक जनावर सोडलं तर फायदा सगळा आपला, आणि चारा कमी झाल्याचा तोटा मात्र सगळ्यांत वाटला जातो. मग प्रत्येक जण सोडतो. गणित बरोबर असूनही उत्तर वाईट येतं, हे बँकेत कुणी शिकवलं नव्हतं.

२. थकबाकीदारांची यादी लावू नये. खर्चाची लावावी.

नागपुरातल्या पुष्कळ स्कीम सहकारी सोसायट्या नाहीत. त्या १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली येतात. घर तुमचं, आणि जिना, गच्ची, आवार यांत प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा. ‘अविभक्त’ हा शब्द विक्रीपत्रात फार भारदस्त दिसतो. लिफ्ट बिघडली की तळमजला म्हणतो, आम्ही कुठे चढतो? गच्ची गळली की वरचा मजला म्हणतो, गच्ची तर सगळ्यांची, आणि बाकीचे म्हणतात, गळतं तुमच्याकडे.

लिफ्टचं एक वेळ जमेल; पैसे न देणाऱ्याला चावी देऊ नका. पण फाटकावरच्या दिव्याचं काय? वर्गणी न देणारा घरी आला की तो विझवता येत नाही, आणि तो उजेडातून गेल्यानं दुसऱ्याचा उजेड कमीही होत नाही. अशा वस्तूंवर पॉल सॅम्युअलसन यांनी १९५४ साली जेमतेम तीन पानांचा लेख लिहिला आणि त्यावर पुढे ग्रंथांच्या राशी झाल्या. मुद्दा एवढाच: जे फुकट मिळणारच आहे त्याची खरी गरज कुणी कबूल करत नाही, म्हणून असल्या गोष्टी बाजारावर सोडल्या तर अंधार होतो.

मी चिडून जिन्याखाली थकबाकीदारांची यादी डकवली. त्यात एक नाव असं होतं, ज्यांचे वडील तेव्हा दवाखान्यात होते. ते कुटुंब पुढे दोन वर्षं माझ्याशी बोललं नाही, आणि बाकीच्यांनीही त्या यादीमुळे छदाम दिला नाही. नंतर त्याच जागी खर्चाचा कागद लावायला लागलो. दिवा चाळीस रुपये, झाडू साठ रुपये, पंपाचं बुश, मेकॅनिकचा चहासुद्धा. चार महिन्यांत पंधरा घरांची वर्गणी वेळेवर यायला लागली. लोक कंजूष नव्हते. त्यांना वाटत होतं, खजिनदार खातो.

सोळावं घर अजूनही देत नाही. चालायचंच.

३. मालक गेला की वस्तू आपोआप सगळ्यांची होत नाही.

माझं आजोळ साकोलीकडचं, भंडारा जिल्ह्यातलं, धानाचं. गावाच्या वर तलाव. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून बांधलेले, बरेचसे कोहळी समाजाच्या हातचे. मातीची पाळ, जादा पाणी काढून द्यायला सलांग आणि पाणी सोडायला तुडुम. हा शब्द उच्चारला तरी पाण्याचा आवाज येतो. कुणाच्या बांधीला आधी पाणी, पाळीवर माती कुणी टाकायची, मासळी कुणाची, याचे रिवाज ठरलेले; पुष्कळसे वाजिब-उल-अर्जात, म्हणजे गावरिवाजांच्या सरकारी दप्तरात, नोंदलेले.

१९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना नाव पडलं ‘माजी मालगुजारी तलाव’, म्हणजे ‘मामा तलाव’. मला लहानपणी वाटायचं, तो माझ्या मामाचाच आहे. मालगुजार काही देवमाणूस नव्हता. वेठीला धरायचा, मारायचाही. मालगुजारी जायलाच हवी होती. पण तिच्याबरोबर गावानं आळीपाळीनं माती टाकायची रीतही गेली. पाणी घ्यायला सगळे, पाळीवर माती टाकायला कुणी नाही. गाळ साचला, काठानं बेशरमाची झुडपं माजली. मामा म्हणायचा, “मालगुजाराले शिव्या देत देत माती टाकाले जात होतो. आता शिव्या देवाव तरी कोणाले?”

हार्डिननी दोनच वाटा मानल्या होत्या: सरकार तरी हवं, नाही तर खाजगी मालक तरी. आमच्या तलावानं दोन्ही पाहिले.

४. तिसरी वाट धानोरा तालुक्यात आहे, आणि ती फार हळू चालते.

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं छोटं गाव. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. वर्ष २००९, जंगल सुमारे १,८०० हेक्टर. त्याच वर्षी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी सांगितलं होतं की स्वित्झर्लंडची कुरणं असोत की स्पेनचे पाट, लोक स्वतः नियम करून सामाईक वस्तू पिढ्यानपिढ्या टिकवतात. पण हक्क मिळाला तरी मेंढ्याला बांबू विकायला वाहतूक परवाना हवाच होता. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं.

तिथले निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. एकाचंही मन वळलं नसेल तर विषय पुढच्या सभेला. खरं सांगतो, एवढा धीर माझ्यात नाही. आम्ही गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसवायचा ठराव आठ मिनिटांत बहुमतानं केला, आणि मग हरलेले चार जण कोर्टात गेले. तीन वर्षं तारखा पडल्या.

ऑस्ट्रॉमबाईंची एक गोष्ट मात्र मी उचलली: पहिला दंड लहान असावा. आडवी गाडी लावली तर दहा रुपये. रक्कम हसण्यासारखी होती, म्हणून कुणी भांडलं नाही. आणि वहीत नाव चढलेलं कुणालाच आवडेना.

५. नाल्याला आमची वही दिसत नाही.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, १८७० साली बांधलेला अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यांवर आली. आमच्या पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी. सोळा स्कूटर, नऊ गाड्या आणि बोअरची मोटर गेली.

चिखल उपसून झाल्यावर सभा भरली. कुणी शहराला शिव्या दिल्या, कुणी वरच्या बाजूच्या स्कीमला, कारण त्यांची भिंत नाल्यात दोन फूट पुढे आहे. मी गप्प होतो. आमचीही आहे. चार स्कूटर जास्त बसाव्यात म्हणून ती सरकवली, तेव्हा खजिनदार मी होतो. विटांचं बिल मीच खर्चाच्या कागदावर लावलं होतं, आणि सोळाही घरांनी ते वाचलं होतं.

नव्या खजिनदारीणबाईंनी भिंत मागे घेण्याचा विषय काढला. तळमजल्यावरचे काका म्हणाले, “वरच्यांनी आधी पाडू द्या ना. आपणच काहून?” कुणी काही बोललं नाही. विषय पुढच्या सभेला गेला.

माझी स्कूटर अजून त्या भिंतीलाच लागून उभी असते.