लोकसेवेचा पहिला पाठ

सेवा म्हटली कीं अन्नदान, वस्त्रदान असेंच चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. ज्याला मदत करावयाची त्याचें नेमकें अडतें कोठें, हा प्रश्न मात्र बहुधा मागाहून सुचतो. हा प्रश्न आधीं विचारणाऱ्या एका संस्थेचा आरंभींचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९०५ सालीं पुण्यास भारत सेवक समाज स्थापन केला. कुलाबा जिल्ह्यांतील गोरेगांवीं १८७९ सालीं जन्मलेले नारायण मल्हार जोशी हे शिक्षकाचा पेशा सोडून १९०९ सालीं त्या समाजांत दाखल झाले. पुढें १९११ सालीं त्यांच्या पुढाकारानें मुंबईंत 'सोशल सर्व्हिस लीग' उभी राहिली.

त्या काळीं कोंकणांतून व घाटावरून पोटासाठीं आलेलीं कुटुंबें गिरणगांवाच्या चाळींत एकेका खोलींत दाटीवाटीनें राहत. कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांचे कामाचे तास १९११ च्या कायद्यानें प्रथमच बांधले गेले; तेहि दिवसाचे बारा! अशा माणसास नुसता उपदेश करून काय उपयोग?

म्हणून लोकस्थितीची माहिती गोळा करणें व तिचा अभ्यास करणें हें लीगनें आपलें एक मुख्य कर्तव्य मानलें. मजूर दिवसा शाळेंत येऊं शकत नाहीं, तर त्याच्यासाठीं रात्रीच्या शाळा निघाल्या. तो वाचनालयापर्यंत पोंचत नाहीं, तर फिरत्या वाचनालयांतून पुस्तकेंच त्याच्या वस्तींत गेलीं. सावकाराच्या व्याजांतून सुटका व्हावी म्हणून सहकारी पतपेढ्या, आजाऱ्यांसाठीं दवाखाने, कोर्टकचेरींत गोंधळलेल्यांसाठीं कायद्याचा सल्ला, अशीं एकेका अडचणीवर एकेक कामें उभीं राहिलीं.

परंतु जो बारा तास राबून थकला आहे, त्याच्यापुढें रात्रीं पाटी ठेवली तरी त्याचे डोळे मिटणारच. मूळ दुःख तासांचें होतें. १९१९ सालीं वॉशिंग्टन येथें पहिली आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली, तेव्हां जोशी हे हिंदी कामगारांचे प्रतिनिधि म्हणून तेथें गेले. त्या परिषदेंत हिंदुस्थानासाठीं आठवड्याला साठ तासांची मर्यादा ठरली आणि १९२२ च्या कायद्यानें ती येथें लागू झाली. मध्यंतरीं १९२० सालीं स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांतहि जोशी होते. चाळींतील सेवेची वाट अशा रीतीनें हक्काच्या मागणीपर्यंत पोंचली.

आपलें एकलहरेंहि श्रमाशीं परिचित गांव आहे. १९७० च्या सुमारास येथें औष्णिक विद्युत् केंद्र उभें राहिलें, आणि ठिकठिकाणचीं कुटुंबें एकमेकांचीं शेजारी झालीं. आपणांपैकीं कित्येकांच्या घरीं रात्रपाळीहून आलेले वडील दिवसा झोपलेले असतात. त्या वेळीं दारापुढें गलका न करणें हीदेखील सेवाच. पण ती सुचण्यासाठीं पाळी म्हणजे काय हें आधीं समजावें लागतें.

तेव्हां शाळेंत सेवामंडळ काढावयाचें असेल, तर वर्गणीची यादी करण्यापूर्वीं एक कोरी वही घ्या. चार घरीं जा, नम्रपणें विचारा, ऐका, लिहून ठेवा. पालकांनींहि मुलांना त्यासाठीं मोकळीक द्यावी. देणारा हात मोठा खराच. परंतु तो कोठें पुढें करावयाचा, हें कानांनींच त्याला सांगावें लागतें.