ब्रीदर पाइप बदलायचाय? खर्च किती, आणि कुठे फसायचं नाही

प्रीमियर पद्मिनीचं उत्पादन थांबून दोन तपं उलटली. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तरी हौसेने सांभाळलेल्या पद्मिनी अजून धावतात. या गाड्यांचं लोखंड टिकतं, रबर टिकत नाही. आणि रबरातला सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे इंजिनाचा ब्रीदर पाइप. दोन-चारशे रुपयांचा हा तुकडा खराब झाला की दुरुस्तीचा अंदाज पाच आकडी येऊ शकतो. म्हणून आधी निदान, मग खरेदी.

हा पाइप करतो काय?

सिलेंडरमधला थोडा वायू पिस्टनच्या रिंगांमधून निसटून खाली ऑइल चेंबरमध्ये उतरतो. त्यात पेट्रोलची वाफ, पाण्याची वाफ आणि ऑइलचे बारीक कण असतात. तो बाहेर पडला नाही तर चेंबरमध्ये दाब वाढतो. खूप जुन्या इंजिनांत तो एका नळीने थेट रस्त्याकडे सोडलेला असायचा. नंतर तो एअर क्लीनरकडे वळवून पुन्हा जाळायची सोय झाली. काही गाड्यांत एक पाइप इनटेक मॅनिफोल्डलाही जोडलेला असतो. तुमच्या गाडीत कोणती मांडणी आहे, ते बॉनेट उघडून पाइप बोटाने शेवटपर्यंत चाचपून पाहा.

लक्षणं ओळखा

पाइप तुंबला असेल तर दाब वाट शोधतो. टॅपेट कव्हरच्या कडेने ऑइल झिरपतं, डिपस्टिक वर उचलली जाते, क्रँकच्या मागच्या सीलमधून थेंब पडू लागतात. पाइप फाटला असेल तर ऑइलचा वास केबिनमध्ये येतो. फिल्टरच्या पुढे जोडलेला पाइप फाटला तर धूळ न गाळता कार्बोरेटरमध्ये जाते. मॅनिफोल्डकडचा पाइप फाटला तर जादा हवा ओढली जाऊन गाडी स्लोवर थरथरते, बंद पडते.

इंजिन थंड असताना पाइप दाबून पाहा. कडकडीत लागला आणि वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या तर तो उष्णतेने वाळलाय. स्पंजासारखा मऊ, फुगलेला लागला तर ऑइलने आतून खाल्लाय. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या पाइपचाही आतला थर सुटून मार्ग बंद होतो, म्हणून तो काढून आरपार उजेड दिसतो का ते बघा.

पैसे खर्चण्याआधी एक चाचणी

इंजिन गरम करून स्लोवर ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण काढा. हलकी फुसफुस चालेल. पण धुराचा सलग, जोरदार लोट येत असेल तर रिंगा झिजल्याची शक्यता मोठी, आणि नवा पाइप त्यावर इलाज नाही. अशा वेळी कंप्रेशन तपासून घ्या. चारही सिलेंडरचे आकडे कागदावर मागा. ते जवळपास सारखे आणि ठीक असतील, तर ‘हाफ इंजिन करावं लागेल’ असं कोणी म्हटलं तरी आधी ब्रीदरची वाट साफ करून घ्या.

झाकणाखाली पांढरट, लोण्यासारखा साका दिसला तर घाबरू नका. गाडी फक्त कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत जात असेल तर इंजिन पुरेसं तापत नाही, आतली पाण्याची वाफ बाहेर न पडता थंड होते आणि ऑइलमध्ये मिसळते. मात्र रेडिएटरमधलं पाणीही कमी होत असेल तर हेड पॅकिंग तपासा.

कोणतं रबर घ्यायचं

घोटाळा इथेच होतो. दुकानदार रेडिएटर किंवा हीटरचा होज कापून देतो. दिसायला तसाच, पण ते रबर बहुधा ईपीडीएम असतं: गरम पाण्याला उत्तम, ऑइलला अजिबात नाही. काही महिन्यांत ते फुगतं. पारदर्शक पीव्हीसी नळीही नको, बॉनेटखालच्या उष्णतेत ती आधी मऊ होऊन चेपते आणि मग ताठ होते. साधा सिलिकॉन होज देखणा असतो, पण त्यातून ऑइल पाझरतं.

मागायचा तो नायट्राइल रबराचा, आतून विणीचा थर असलेला ऑइल होज. त्यावर ‘ऑइल रेझिस्टंट’, ‘एनबीआर’ किंवा ‘एसएई जे३०’ असं छापलेलं असतं. मॅनिफोल्डकडच्या पाइपसाठी व्हॅक्यूममध्ये चेपणार नाही असा जाड भिंतीचा घ्या. मूळ कंपनीचा न वापरलेला जुना पाइप मिळाला तरी वाकवून बघा, कारण रबर फडताळातही म्हातारं होतं.

माप जुन्या पाइपवरून घेऊ नका, तो फुगलेला असतो. इंजिनावरच्या धातूच्या नळीचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा. बाजारात मापं सुतात चालतात: १६ मिमी म्हणजे ५ सूत, १९ मिमी म्हणजे ६ सूत, अर्थात पाऊण इंच. मुंबईत ऑपेरा हाउस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, इथे हा माल सापडतो.

खर्चाचा अंदाज

मुंबई-पुण्यात घासाघीस करताना साधारण हे आकडे धरून चाला. गावानुसार फरक पडेल.

- नायट्राइल होज, अर्धा ते एक मीटर: २०० ते ५०० रुपये
- स्टीलच्या चार होज क्लिपा: १०० ते २५० रुपये
- टॅपेट कव्हर पॅकिंग, झिरपत असेल तरच: १०० ते ३०० रुपये
- मजुरी, साफसफाईसह: ३०० ते ८०० रुपये
- कंप्रेशन चाचणी, गरज असल्यास: ३०० ते ६०० रुपये

म्हणजे साधं काम हजार-दीड हजारात, सगळं धरून अडीच हजाराच्या आत बसायला हवं. त्याहून मोठा आकडा आला तर बिल सुटं करून मागा. वळणाचा साच्यातला पाइप हवा असेल तर जास्त पडेल. तो मिळत नसेल तर सरळ होजचे दोन तुकडे आणि मध्ये धातूचा एल्बो, हा स्वस्त पर्याय. सरळ होज जबरदस्तीने वळवला तर तो मुडपतो आणि वाट पुन्हा बंद होते.

मिस्त्रीकडून काय करून घ्याल

जुना पाइप ओढून काढू देऊ नका, नळी वाकते. ब्लेडने उभा चिरून काढायला सांगा आणि उघड्या तोंडात कापडाचा बोळा ठेवा, म्हणजे रबराचे तुकडे आत पडणार नाहीत. धातूची नळी आणि आत जाळी असेल तर तीही रॉकेलने धुवून पूर्ण वाळवायची. इथला साका तसाच राहिला तर नव्या पाइपचे पैसे पाण्यात.

बसवताना आतून इंजिन ऑइलचं बोट फिरवलं की होज सहज चढतो. क्लिप टोकापासून थोडी आत, रबर खाचांतून वर येईल इतकी आवळायची नाही. पाइप एक्झॉस्टपासून लांब राहावा आणि मध्ये लोंबू नये. खोलगट भागात पाणी साठून पुन्हा तोच त्रास सुरू होतो.

शेवटी स्लो सेट करून पीयूसी करा. बीएस-२ पूर्वीच्या पेट्रोल चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. दोन-तीनशे किलोमीटरनंतर क्लिपा एकदा तपासा आणि पुढे दर ऑइल बदलताना पाइप दाबून बघायला सांगा. त्याचे वेगळे पैसे कोणी मागत नाही.